ऑक्टाव्हिया आरएसचा एक्झॉस्ट: आधी गेज, मग पाइप

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230, भारतात 2017 मध्ये आलेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, ईए888 घराण्यातलं तिसऱ्या पिढीचं इंजिन. कंपनीचे आकडे 230 पीएस आणि 350 न्यूटन-मीटर, सोबत सहा गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. काम ठरलं ते असं: एक्झॉस्टकडून मिळेल तेवढी ताकद काढायची, आवाज कंपनीइतकाच ठेवायचा, आणि पीयूसी सरळ मार्गाने पास व्हायला हवी. या तीन अटी एकत्र धरल्या की बाजारातले बरेचसे पर्याय आपोआप गळतात. जे उरतात त्यातून निवड करायला कॅटलॉग कामाला येत नाही, गेज येतं.

या इंजिनाला हेडर, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्या, बदलण्याचा पर्यायच नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा दाबणारा भाग, थेट हेडला बोल्ट होतो. त्यामुळे "फोर-टू-वन हेडर टाका" हा सल्ला इथे लागू पडत नाही. तो विनाटर्बो इंजिनांचा सल्ला आहे, कारण तिथे पाइपांच्या लांबीवर दाबाच्या लहरींची वेळ ठरते आणि एका सिलिंडरची लहर दुसऱ्याला रिकामं व्हायला मदत करते. टर्बो गाडीत टर्बाइननंतरचा हिशेब सोपा असतो: टर्बाइनच्या बाहेर दाब जितका कमी, तितकं टर्बाइनला काम करायला सोपं. "थोडं बॅकप्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो" हे वाक्य नाशिकच्या द्वारका चौकातल्या गॅरेजपासून गंगापूर रोडच्या कारवॉशपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. टर्बोनंतरच्या पाइपाला ते लागू नाही.

आता मोजमाप. कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं भोक 18 मिलिमीटरचं, 1.5 पिचच्या आट्यांचं असतं. लेथवर त्याच आट्यांचा अडॅप्टर करून घेतला, त्याला पाव इंची तांब्याची दीड मीटर नळी जोडली आणि तिच्या टोकाला 0 ते 1 बारचं गेज लावून ते केबिनमध्ये घेतलं. तांब्याची नळी सोडून थेट रबरी होज लावली तर ती पहिल्याच फेरीत वितळते. नळीला मधे दोन-तीन वेटोळी द्यावीत, म्हणजे वायू गेजपर्यंत पोहोचेतो थंड होतो. काटा थरथरत असेल तर गेजच्या तोंडाशी एक मिलिमीटर भोकाची जेट बसवावी, थरथर थांबते. बाहेर काढलेला सेन्सर वायरीसकट जोडलेलाच ठेवून ड्राइव्हशाफ्टपासून लांब बांधायचा. इंजिन लाइट लागू शकते, नंतर कोड पुसता येतो.

या ठिकाणी मिळणारं रीडिंग कॅटच्या मागच्या सगळ्या पाइपाचं आणि सायलेन्सरचं. कॅटच्या आधीचा दाब हवा तर वेगळं भोक लागतं. पुढचा सेन्सर काढून तिथे गेज लावू नका: तो वाइडबँड आहे, त्याच्यावरच इंधनाचं मिश्रण चालतं, आणि तो उघड्यावर लटकवून फुल थ्रॉटल देणं म्हणजे चुकीच्या मिश्रणावर इंजिन ताणणं. आम्ही डाउनपाइप, म्हणजे टर्बोपासून खाली येणारा, कॅट असलेला पाइप, उतरवून टर्बो आणि कॅट यांच्यामधल्या अरुंद जागेत एम10 आट्यांचा छोटा बॉस (गेज जोडायचा तुकडा) वेल्ड करून घेतला. एका दिवसाचं काम वाढतं. पण याच एका रीडिंगवर पुढचा सगळा खर्च ठरणार असतो, म्हणून हा दिवस वाचवू नये.

दुसऱ्या गिअरमध्ये, डीएसजी मॅन्युअलवर ठेवून, 6,000 आरपीएमपर्यंत ओढलं. दुसऱ्या गिअरला हे आरपीएम ताशी शंभरच्या आतच येतात. पेडल पूर्ण दाबायचं, पण तळाचं किकडाउनचं बटण दाबू द्यायचं नाही, नाहीतर गिअर खाली पडून रीडिंग वाया जातं. कॅटच्या आधी 0.38 बार, कॅटच्या मागे 0.12 बार. म्हणजे एकूण अडथळ्याचे दोन तृतीयांशांहून जास्त एकट्या कॅटमध्ये आणि त्याच्या अरुंद वळणात होते. मधला पाइप, रेझोनेटर, मागचा मोठा सायलेन्सर आणि दोन टेलपाइप सगळे मिळून फक्त 0.12. लोक सर्वांत जास्त पैसे ज्यावर घालतात तो कॅटबॅक, आणि तोच इथे सर्वांत कमी अडवत होता.

याचं कारण तापमानात आहे. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू फुल लोडवर सुमारे 700 अंश सेल्सिअस असतो. मागे जाता जाता तो 400 पर्यंत उतरला तर त्याचं आकारमान तीस टक्क्यांनी घटतं. पुढे जो पाइप तोकडा पडतो, तोच मागे पुरेसा होतो. त्यामुळे गाडीभर एकाच व्यासाचा पाइप टाकण्याला अर्थ नाही. पुढे मोठा, मागे मध्यम, असं असावं.

व्यासाचा हिशेब बाहेरच्या मापावर करू नये. अडीच इंची पाइप म्हणजे बाहेरून 63.5 मिलिमीटर. दीड मिलिमीटर जाडी दोन्हीकडून वजा केली की आत 60.5 उरतात, क्षेत्रफळ 28.7 चौरस सेंटिमीटर. तीन इंची पाइप आतून 73.2, क्षेत्रफळ 42.1. वाट 46 टक्के वाढली. घर्षणाचा तोटा मात्र ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे तेवढाच वायू तीन इंचीतून नेला तर तोटा चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. हे सगळं सरळ पाइपाचं. वळणावर पाइप दाबून वाकवला असेल तर वळणाच्या पोटात तो चपटा होतो, आणि तीन इंची म्हणून विकलेला पाइप तिथे अडीचचा राहतो. मॅन्ड्रेल बेंड, म्हणजे आत गोळ्यांची साखळी घालून वाकवलेला, गोल राहतो. वळणावर व्हर्नियर आडवा आणि उभा असा दोनदा लावून बघा. फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला तर तो पाइप परत करा.

कॅट काढून टाकायचा की नाही, यावर आमच्याकडे चर्चाच झाली नाही. काढायचा नाही. त्याशिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जसेच्या तसे बाहेर पडतात आणि सिग्नलला मागे थांबलेल्या स्कूटरवाल्याच्या छातीत जातात. दुसरं असं की बीएस-4 पेट्रोल गाडीच्या पीयूसीत निष्क्रिय वेगाला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के, हायड्रोकार्बन 200 पीपीएम, आणि 2,500 आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्के व लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) 1 च्या वरखाली 0.03, इतक्या मर्यादा आहेत. कॅटशिवाय हे प्रामाणिकपणे जमत नाही. मागच्या सेन्सरला स्पेसर लावून किंवा मॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या (ईसीयूच्या) प्रोग्रॅममध्ये, तो बंद करून लाइट विझवता येते, पण धूर तसाच राहतो.

मग कोणता कॅट? कंपनीचा सिरॅमिक, बारीक जाळीचा. आम्ही निवडला 200 सेलचा, म्हणजे चौरस इंचात 200 भोकांचा, धातूच्या जाळीचा. धातूची जाळी पातळ पत्र्याची असल्याने तेवढ्याच जागेत वाट जास्त मोकळी राहते, ती लवकर तापते आणि धक्क्याने फुटत नाही. 100 सेलचे स्वस्त कॅट मिळतात, दाब आणखी कमी करतात, पण त्यांच्यावर मौल्यवान धातूंचा थर इतका पातळ असतो की काही शे किलोमीटरमध्ये पी0420 कोड येतो: कॅटची क्षमता मर्यादेखाली. घेताना जाळीचा व्यास आणि लांबी विचारा. नुसता "हाय-फ्लो" हा शब्द काहीही सांगत नाही. आणि गाडी दोन चाकांच्या ड्राइव्हची आहे की चार, हे विक्रेत्याला लेखी कळवा. या प्लॅटफॉर्मवर दोन्हींचे डाउनपाइप वेगळे आहेत, फोटोत सारखे दिसतात, आणि आधाराचा ब्रॅकेट जुळत नाही तेव्हा चूक लक्षात येते.

डाउनपाइप तयार घेतला, पण जोडाचं काम नाशिकमध्येच केलं. तीन इंचीवरून कंपनीच्या मधल्या पाइपाच्या मापाला उतरायला शंकूच्या आकाराचा तुकडा, म्हणजे कोन, लागतो. तो आखूड ठेवला तर पायरीसारखा वागतो. साठ-सत्तर मिलिमीटर लांबीत हळूहळू उतरवला, दोन्ही बाजूंचा उतार सहा अंशांच्या आसपास.

अंबड आणि सातपूरला स्टेनलेसचं काम करणारे भरपूर आहेत, पण रेलिंग आणि गेट बनवणाऱ्याकडे हे काम देऊ नये. त्यांच्याकडे पाइप असतो तो बहुतेक 202 ग्रेडचा. दिसायला चकचकीत, पण सतत 600-700 अंशांवर त्याची पापुद्री निघते आणि वेल्डच्या कडेला तो तडकतो. इथे चुंबक लावून फसू नका. आपल्याला हवा तो 304 ग्रेड, त्याला चुंबक चिकटत नाही, पण 202 लाही चिकटत नाही. चुंबकाने फक्त 409 ओळखता येतो, तो चिकटतो, आणि खरं तर 409 हा एक्झॉस्टसाठी चांगला धातू आहे, कंपन्या तोच वापरतात. 304 ची खात्री हवी तर पाइपासोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा किंवा मॅंगनीज तपासणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून बघा.

वेल्डर शोधावा तो वाइनरीच्या, डेअरीच्या किंवा औषध कारखान्यांच्या टाक्या करणारा. त्यांच्या टाक्यांमध्ये वेल्डची आतली बाजूही स्वच्छ लागते, म्हणून पाइपाच्या आत आरगॉन सोडून टिग वेल्ड मारायची त्यांना सवय असते. आत आरगॉन नसला तर वेल्डच्या पोटात काळी, खरखरीत साखर तयार होते. तिथूनच चीर सुरू होते, आणि सुटलेले कण मागच्या सायलेन्सरच्या भोकांत जाऊन बसतात. 304 ला 304 जोडताना 308एल रॉड. 304 चा कोन कंपनीच्या 409 पाइपाला जोडताना 309एल. इथे 308 वापरला तर जोड ठिसूळ होतो.

फ्लेक्स, म्हणजे जाळीदार लवचीक तुकडा, वगळायचा नाही. 304 तापून लांबतो: तीन मीटर पाइप 350 अंशांनी तापला की सुमारे 18 मिलिमीटर वाढतो. शिवाय इंजिन थ्रॉटलला पुढेमागे डोलतं. ही हालचाल कुठेतरी शोषली जायलाच हवी, नाहीतर ती टर्बोच्या फ्लॅंजवर येते. फ्लेक्समध्ये आतून इंटरलॉक अस्तर असलेलाच घ्यावा. नुसती जाळी आणि घड्या असलेला तुकडा आत खडबडीत असतो, वायू त्याला घासत जातो.

बसवण्याचं काम गाडी रात्रभर थंड करून. बोल्टांना आदल्या संध्याकाळी आणि सकाळी असं दोनदा पेनिट्रेटिंग तेल. सेन्सर 22 मिलिमीटरच्या खाचेच्या सॉकेटनेच काढायचे, साध्या पान्याने वायर पिळते. आट्यांना अँटीसीझ अगदी थोडं, टोकाला एक ठिपकाही नाही. टर्बोकडचा व्ही-बँड क्लॅम्प आणि गॅस्केट नवे. जुना क्लॅम्प ताणलेला असतो, घट्ट वाटतो, आणि आठवड्याने गळतो. क्लॅम्प आधी सैल ठेवून डाउनपाइपचा आधार-ब्रॅकेट, मग मधला जोड हाताने बसवायचा, पाइप कुठेही जबरदस्तीने ओढला जात नाही हे बघायचं, आणि मगच पुढून मागे कसत जायचं. आमच्याकडे मधला जोड चार मिलिमीटर बाजूला येत होता. जॅकने ढकलून बोल्ट घालता आला असता. तसं केलं असतं तर तो ताण कायमचा टर्बोवर राहिला असता. पाइप उतरवून कोन पुन्हा कापून वेल्ड केला.

दोन गोष्टी घाईत हमखास राहतात. एक तो आधार-ब्रॅकेट, कारण नव्या पाइपवर त्याचं भोक थोडं चुकलेलं असतं आणि फिटर तो बाजूला ठेवून देतो. मग पाइपाचं सगळं वजन टर्बोच्या गळ्यावर येतं. दुसरी, उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या सांध्यावरचं उष्णतारोधक पत्र्याचं झाकण. ते नसलं तर रबरी बूट भाजून फाटतो आणि ग्रीस गरम पाइपवर उडतं.

पाइप खाली किती लोंबतो तेही मोजा. अडीचऐवजी तीन इंची म्हणजे तळ 13 मिलिमीटर खाली येऊ शकतो. नाशिकच्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर कुठल्याच मापाला धरून नाहीत. चार माणसं बसवून सबफ्रेमपेक्षा पाइप वर राहतो ना, हे रॅम्पवर बघून घेतलं.

गळती तपासायला गाडी थंड असतानाच टेलपाइपमधून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी. पुढच्या सेन्सरच्या आधी गळती असली तर धडधडणाऱ्या दाबात बाहेरची हवाही आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू उगाच इंधन वाढवतो. थंड स्टार्टला टिकटिक आणि गरम झाल्यावर ती बंद, ही फ्लॅंजच्या गळतीची खूण. पहिल्या वीस मिनिटांत पाइपवरचं तेल जळून धूर येतो, त्याला घाबरू नये. पूर्ण तापून थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा कसायचे.

आता ज्यासाठी हे केलं ते. मोजणी समृद्धी महामार्गाच्या सिन्नर-इगतपुरी पट्ट्यात, सकाळी सहाला, तिसऱ्या गिअरमध्ये 70 ते 120, जीपीएस मीटरवर, दोन्ही दिशांनी प्रत्येकी तीनदा आणि सरासरी. तिथली वेगमर्यादा 120, त्याच्या पुढे जायची गरज नाही. कंपनीच्या अवस्थेत 4.7 सेकंद. नवा डाउनपाइप, मॅप कंपनीचाच: 4.6. हा फरक वाऱ्याच्या झुळकेनेही पडतो.

असं का, हे लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूतून नोंदवलेल्या आकड्यांमध्ये, दिसतं. या ईसीयूचं गणित टॉर्कवर चालतं. त्याला ठरावीक टॉर्क द्यायचा असतो, तेवढा मिळाला की तो वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा देऊन वायू सोडणारी झडप, उघडतो. अडथळा कमी झाल्यावर तोच टॉर्क कमी कष्टात मिळतो, म्हणून वेस्टगेट आधी आणि जास्त उघडायला लागला. टर्बो निवांत झाला, ताकद तीच राहिली. नुसता पाइप बदलून 25-30 पीएस वाढले असं या इंजिनाबद्दल कोणी सांगितलं तर लॉग मागा. कधी कधी उलटही होतं: टर्बो इतका पटकन दाब उभारतो की पी0234, म्हणजे ओव्हरबूस्टचा कोड येतो. पी0299 आला तर दाब कमी पडतोय, तेव्हा आधी बूस्ट होजचे क्लॅम्प तपासा.

तुलनेसाठी जुन्या डाउनपाइपवर फक्त मॅपही चालवून पाहिला होता: 4.0 सेकंद. डाउनपाइप आणि त्याला जुळवलेला मॅप: 3.7. शेवटचे तीन दशांश हीच पाइपाची खरी कमाई, आणि ती बहुतेक 5,000 आरपीएमच्या वर जाणवते. कंपनीच्या पाइपवर तिथे ताकद ढासळायची, आता ती टिकते. त्याच मॅपवर कॅटच्या आधीचा दाब 0.19 बारवर आला. मागचा 0.13 झाला, कारण वायूच जास्त जातोय. एवढ्यासाठी कॅटबॅक बदलणं आम्हाला पटलं नाही, आणि आवाज कंपनीचाच राहिला.

ज्यांना कॅटबॅक बदलायचाच आहे त्यांनी घुमणाऱ्या आवाजाचा हिशेब आधी करावा. चार सिलिंडरच्या इंजिनात 2,400 आरपीएमला सेकंदाला 80 स्फोट होतात, म्हणजे 80 हर्ट्झ. मुंबईपर्यंत हा घुमारा कानात बसतो. त्यावर उपाय म्हणजे बंद तोंडाची आडवी नळी, लहरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी लांब. 300 अंशांच्या वायूत आवाजाचा वेग सुमारे 480 मीटर, त्याला 80 च्या चौपटीने भागलं की दीड मीटर. बंद नळीतला वायू थंड असतो म्हणून प्रत्यक्षात ती थोडी आखूड लागते. गाडीखाली एवढी नळी मावते का, हे कॅटबॅकची ऑर्डर देण्याआधी बघावं.

नाशिकची उंची सुमारे 600 मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के कमी. तेवढाच निव्वळ दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, म्हणून मुंबईच्या गाडीवर तयार केलेला मॅप इथे तसाच टाकू नये. डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखवणाऱ्यालाही सुधारणा कोणत्या पद्धतीची केली ते विचारा. उंचीची सुधारणा विनाटर्बो इंजिनासाठी आहे. टर्बो गाडी तो तोटा स्वतःच बऱ्याच अंशी भरून काढते, वर पुन्हा सुधारणा लावली की कागदावर फुकटची ताकद दिसते.

इंधन ई20, ऑक्टेन 95. इथेनॉलमुळे ठोका (नॉक, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट) कमी होतो, पण जळणासाठी हवा-इंधनाचं प्रमाण 14.7 वरून 13.5 च्या आसपास येतं, म्हणजे वजनाने आठ-नऊ टक्के इंधन जास्त. हाय-प्रेशर पंपाचा रेल प्रेशर फुल लोडवर मागणीइतका टिकतो का, हे प्रत्येक लॉगमध्ये बघितलं. टॉर्क 420 न्यूटन-मीटरवर अडवला आणि गिअरबॉक्सचा मॅपही त्याप्रमाणे केला. 350 साठी बेतलेला क्लच जुन्या दाबावर ठेवून जास्त टॉर्क दिला तर तो घसरतो, आणि घसरलेला क्लच तेल जाळतो.

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला कलम 182ए खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. कॅट आणि सायलेन्सर जागेवर असले तरी डाउनपाइप बदलणं हा बदलच आहे. विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटी गेली असं धरून चाला, मूळ डाउनपाइप तेल लावून, गुंडाळून जपून ठेवा. हे मान्य नसेल तर पाइपाला हात लावू नका.

दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासलं. मधला क्लॅम्प पाव वळसा सैल, बाकी घट्ट. ड्राइव्हशाफ्टचा बूट मऊ, भाजल्याची खूण नाही. पीयूसीत लॅम्डा 1.00, कार्बन मोनॉक्साइड 0.02 टक्के. पी0420 नाही. एप्रिलमध्ये दुपारी, हवा 40 अंशांवर असताना घेतलेल्या लॉगमध्ये मात्र सलग तिसऱ्या ओढीला इनटेकचं तापमान 66 अंशांवर गेलं आणि ईसीयूने तिसऱ्या सिलिंडरचं इग्निशन चार अंश मागे घेतलं. पहाटेच्या लॉगमध्ये हे नव्हतं. एक्झॉस्टची बाजू मोकळी झाली आहे, आता अडथळा इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागात, आहे. तिथेही आधी दोन्ही तोंडांना तापमान आणि दाबाचे सेन्सर लावून मोजणी सुरू केली आहे.